सोमवारची दमणी

द्वारकाबाई जळकोटच्या मुलींच्या मदरशावर हेडमास्तरीण म्हणून आल्या त्याला चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत त्यांना एकदाही कुणी 'नाही' म्हटलं नव्हतं. एखाद्या शहाण्या माणसाला याची भीती वाटली असती. द्वारकाबाईंना अभिमान वाटला.

त्यांचाही दोष नव्हता. त्या शिकल्या पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात. पुण्यात दूधवाल्याला दूध आहे का म्हणून विचारलं तरी तो आधी 'नाही' म्हणतो आणि मग चरवी पुढे करतो. तिथून माणूस निजामाच्या मोगलाईत आला की त्याला वाटतं, काय ही गोड माणसं!

गोड माणसं तीन होती. उर्दू शिकवणाऱ्या कनीज बेगम, ज्यांना सगळं गाव उस्तानीबी म्हणायचं. मूळच्या हैदराबादच्या, बुरख्यातल्या, पान खाणाऱ्या. त्यांना काहीही सांगितलं की त्या म्हणत, "क्यों नईं, बाईसाब, क्यों नईं!" दुसऱ्या रुद्रम्मा. आळंदकडच्या लिंगायत, गणित आणि शिवण शिकवायच्या, कानडीतून विचार करून मराठीतून बोलायच्या. त्या म्हणत, "नोडोण, अक्का." म्हणजे बघू. आणि तिसरा चपराशी बब्रुवान. तो म्हणायचा, "बाई म्हणत्याल तसं."

या तिन्ही वाक्यांचा अर्थ जळकोटात शेंबड्या पोरालाही कळत होता. द्वारकाबाईंनी तिन्ही ठिकाणी 'हो' असं धरलं होतं आणि बार्शीला भावाला कळवलंही होतं की स्टाफवर वचक उत्तम बसला आहे.

भावाला हे कळवणं फार गरजेचं होतं. विधवा बहिणीनं मोगलाईत जाऊन नोकरी करायची म्हटल्यावर तो म्हणाला होता, "जा. दिवाळीच्या आत परत येशील. ये, तुझ्या वहिनीला पापड लाटायला हात हवाच आहे." वहिनी शेजारीच उभी होती, आणि तिनं तेव्हाच पोळपाटाकडे असं पाहिलं होतं की द्वारकाबाई ती नजर जन्मात विसरल्या नसत्या.

आणि आता मदरसाच बंद पडायची वेळ आली होती. मुलींचा पट रोडावत चालला होता. तालीमातच्या, म्हणजे शिक्षणाच्या, खात्याकडून हुकूम आला की मोहतमिमा साहेबा, म्हणजे मुलींच्या शाळांच्या मोठ्या इन्स्पेक्टरीणबाई, मुआयन्याला, तपासणीला, येतील. त्यांचा शेरा वाईट पडला तर मदरसा मोडून तालुक्याच्या मदरशात मिळवून टाकतील. साहेबा जहागीरदारांच्या घरच्या, कडक पडद्यातल्या. सर्व्हिस मोटार त्यांना सडकेवर सोडणार. तिथून गावातल्या बाजारपेठेतून मदरशापर्यंत पडदा असलेली सवारी हवी. सवारी नसेल तर साहेबा मोटारीतून खाली उतरणार नाहीत, त्याच मोटारीनं पुढे जातील. मग न पाहिलेल्या मदरशावर जो शेरा पडायचा तो पडेल. दिवस मात्र मदरशानं कळवावा.

द्वारकाबाईंनी मीटिंग भरवली. मीटिंग हा शब्द जळकोटात नवा होता. बब्रुवानानं त्यासाठी चटया झटकल्या.

"जुम्म्याची सुट्टी," द्वारकाबाई म्हणाल्या. "शनिवार, रविवार तयारी. साहेबांना आपण सोमवारी बोलवू. कसं?"

खोलीत काहीतरी झालं. रुद्रम्मांनी सुईत दोरा ओवायचा थांबवला. उस्तानीबींचं पान गालात एका जागी राहिलं. बब्रुवानानं वर आढ्याकडे पाहिलं.

"दमणी माणिकप्पांची आणायची. रुद्रम्मा, ते तुमचे दाजी ना? गाडी-बैल त्यांच्याकडून तुम्ही ठरवा. सोमवारी बैल मिळतील ना?"

"नोडोण, अक्का," रुद्रम्मा म्हणाल्या. फार सावकाश म्हणाल्या.

"पडदा उस्तानीबी बघतील."

"क्यों नईं, बाईसाब."

"आणि बब्रुवान दमणी हाकेल."

"बाई म्हणत्याल तसं," बब्रुवान म्हणाला, पण आढ्यावरची नजर त्यानं काढली नाही.

एकमतानं ठराव पास झाला. असं एकमत द्वारकाबाईंनी पुण्यात कधी पाहिलं नव्हतं.

आता पडद्याचं कापड. लढाईचे दिवस. कापड परमिटावर. द्वारकाबाई बब्रुवानाला घेऊन स्वतः एका कचेरीत गेल्या. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"कपडा कौन पहनेंगे?"

"दमणी."

"मर्द के औरत?"

"अहो, गाडी आहे ती."

"गाडी का खाना नईं है इसमें." कारकुनानं दुःखानं मान हलवली. बाईमाणूस, लांबून आलेली, म्हणून त्यानं आवाज खाली आणला आणि माणुसकीचा सल्ला दिला, "मय्यत के वास्ते लिखो, अब्बी मिलता."

"पण आमच्याकडे कुणी मेलेलं नाही!"

"अब्बी नईं मरा. काम भी तो सोमवार को है ना?"

द्वारकाबाई ताठ मानेनं बाहेर पडल्या. बाहेर बब्रुवान म्हणाला, "बाई, माझी चुलत आजी लई आजारी हाय. इचारू का तिला?"

शेवटी पडदा घरच्याच कापडाचा झाला. उस्तानीबींचा पलंगपोस, रुद्रम्मांचं जुनं इरकल आणि द्वारकाबाईंचं निळं अलवान. शनिवारी माणिकप्पांच्या अंगणात दमणी उभी राहिली आणि शिवण सुरू झालं. माणिकप्पांचं दुकान मदरशाच्या समोरच. तेल, मीठ, गूळ आणि सल्ला हा माल त्यांच्याकडे बारमाही असायचा, त्यातला सल्ला उधारीवरही मिळायचा. त्यांनी सांगितलं, आसाला एरंडेल घाला. त्यांनी सांगितलं, गादीखाली पेंढा घाला, साहेबांची कंबर जहागिरीतली. त्यांनी सांगितलं, घुंगरं बांधा, मग म्हणाले घुंगरं नकोत. इतका सल्ला दिला, पण सोमवारबद्दल एक अक्षर काढलं नाही. जे सगळ्या गावाला ठाऊक आहे ते सांगायचं म्हणजे समोरच्याला खुळ्यात काढणं. माणिकप्पा सभ्य गृहस्थ होते.

संध्याकाळी पडदा तयार झाला. काय तो पडदा! चारी बाजूंनी आवळलेला, वारा शिरायची सोय नाही.

"अब कोई झाँक नईं सकता," उस्तानीबी म्हणाल्या.

द्वारकाबाई दमणीभोवती फिरल्या. पुन्हा एकदा फिरल्या. "उस्तानीबी, पण साहेबा आत शिरणार कुठून?"

उस्तानीबींनी दोरा दातानं तोडला. "आप बोले ना बाईसाब, एक फट नक्को. मैं टाँके मारती गई. सोचती भी गई, के बेगम साहेबा कैसे जाएंगे अंदर."

"मग बोलला का नाहीत?"

"आप बड़े हैं. आप बोले तो मैं 'नईं' कैसे बोलूँ?"

इथं एखाद्या शहाण्या माणसाला पुढचं सगळं दिसलं असतं. द्वारकाबाईंनी फक्त मागची शिवण उसवायला सांगितली.

सोमवार उजाडला. द्वारकाबाई न्हाऊन, काठापदराचं नेसून माणिकप्पांच्या अंगणात आल्या. दमणी उभी होती. बैलजोडीही उभी होती. धुतलेली, कपाळाला भस्माचे पट्टे ओढलेली, पुढ्यात हिरवा चारा, आणि चेहऱ्यावर पेन्शनीत निघालेल्या माणसाचं समाधान.

"जुंपा," द्वारकाबाई म्हणाल्या.

"काय?" माणिकप्पा म्हणाले.

"बैल. दमणीला."

माणिकप्पांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "शिव शिव! सोमवार हाय, बाई. बसवण्णाचा, नंदीचा वार. आज जू टाकत न्हाईत."

"पण तुम्ही गाडी आणि बैल देतो म्हणालात!"

"दिले की. ही गाडी, हे बैल. बघा, अंघोळ बी घातली. जुंपा म्हणून कुठं म्हणला तुमी?"

द्वारकाबाईंनी रुद्रम्मांकडे पाहिलं. रुद्रम्मा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होत्या. "म्या 'नोडोण' म्हटलं की अक्का, तवाच. तुमाला वाटलं आसल कायतरी दुसरं, म्हणून म्या गप बसले. एवढ्या शिकलेल्या तुमी. सोमवारी बैल कसं मागतील, आसंच म्या म्हणत हुते."

"दुसऱ्या कुणाचे बैल? पाटलांचे? ते तर लिंगायत नाहीत!"

"गावात रीत एकच हाय बाई," बब्रुवान म्हणाला. "सोमवारी जळकोटात फक्त माणसं राबत्यात."

द्वारकाबाई दमणीच्या चाकाला टेकल्या. डोळ्यांपुढे पोळपाट दिसू लागला. मोटार यायची वेळ होत आली होती. तेव्हा बब्रुवान खाकरला. "रेडा चालंल का? माझ्या मेव्हण्याचा हाय. लई गरीब."

सगळ्यांनी माणिकप्पांकडे पाहिलं. धर्मशास्त्राचा प्रश्न होता. माणिकप्पांनी बराच विचार केला. "रेड्याचं कायी लिव्हलेलं न्हाय," ते म्हणाले.

रेडा आला. दमणीचं जू दोघांचं आणि रेडा एक. तेव्हा जुवाच्या एका बाजूला रेडा आणि दुसऱ्या बाजूला बब्रुवान, अशी जोडी निघाली. दोघांत रेडा जास्त रुबाबदार दिसत होता. मागून द्वारकाबाई, रुद्रम्मा आणि बुरख्यातल्या उस्तानीबी चालल्या. बाजारपेठेत लोक उठून उभे राहिले. तो मान होता की काय होतं, हे द्वारकाबाईंनी ठरवायचं टाळलं.

सडकेवर सगळं नीट झालं. मोटार आली. उस्तानीबींनी छत्री आडवी धरली. काळ्या रेशमी बुरख्यातल्या मोहतमिमा साहेबा उतरल्या, एक शब्द न बोलता मागच्या उसवलेल्या शिवणीतून दमणीत शिरल्या, आणि पडदा पडला. बब्रुवानानं रेड्याच्या बाजूची जुपणी पुन्हा आवळायला म्हणून सैल केली. नेमक्या त्याच वेळी मोटारवाल्यानं निघताना भोंगा वाजवला.

गरीब रेड्यानं आयुष्यात प्रथमच भोंगा ऐकला असावा. त्यानं एक हिसडा दिला, जू झटकलं आणि सरळ ओढ्याचा रस्ता धरला. ओढ्यात पाण्याचा डोह होता. त्यात तो नाकापर्यंत जाऊन बसला. "आरं, हल्या, आरं!" करत बब्रुवान त्याच्या मागं पाण्यात शिरला. दमणीचं तोंड धाडकन जमिनीला टेकलं आणि आतून आवाज आला, "या अल्ला!"

"कुछ नईं, बेगम साहेबा!" उस्तानीबी घाईनं म्हणाल्या. "बैलां जरा बदमाश हैं."

मोटार गेली. दिवस खुरपणीचे, माणसं रानात. सडकेवर चिटपाखरू नव्हतं. दमणी, दमणीत जहागीरदारांची लेक, आणि बाहेर मदरशाचा सगळा स्टाफ.

मग रुद्रम्मांनी पदर खोचला आणि जू उचललं. हळूच म्हणाल्या, "म्हायेरी मोट हाकलीया म्या."

"पण बाजारातून जायचं!" द्वारकाबाई कुजबुजल्या. "मी हेडमास्तरीण आहे हो!"

उस्तानीबींनी हातातल्या बोचक्यातून काळं कापड काढलं. साहेबांच्या बुरख्याला रस्त्यात चिखल लागला तर असावा म्हणून त्यांनी आपला दुसरा बुरखा बरोबर घेतला होता. "लो बाईसाब. इसमें कोई हेडमास्तरीण नईं रहता."

आणि अशा रीतीनं बार्शीच्या वैदिक घराण्यातल्या द्वारकाबाई बुरखा पांघरून दमणीला लागल्या. रुद्रम्मांना बुरख्याचं उस्तानीबींनी विचारलंसुद्धा नाही. रुद्रम्मांना सगळं गाव चालण्यावरून ओळखायचं, बुरखा असो नसो.

द्वारकाबाई मधे उभ्या राहिल्या. पुढारी मधेच शोभतो. त्यांनी कॉलेजातल्या ड्रिलप्रमाणे "एक, दोन!" म्हणायला सुरुवात केली. रुद्रम्मा त्यांच्या हिशेबानं 'शिवा' म्हटल्यावर ओढायच्या. उस्तानीबी दर वेळी आधी "आप चलो, आप चलो" म्हणून थांबायच्या. दमणी गोल फिरली आणि तिचं तोंड पुन्हा हैदराबादकडे झालं.

"अशानं जमेल का?" द्वारकाबाईंनी विचारलं. बुरख्यात त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. कदाचित म्हणूनच त्या जरा हळू बोलल्या. "खरं सांगा."

रुद्रम्मांनी जू खाली ठेवलं. "न्हाय," त्या म्हणाल्या.

चार महिन्यांतला हा पहिला नकार. त्याचा आवाज सडकेवर कितीतरी वेळ राहिला.

"न्हाय जमायचं. तुमी मधी आसलाव तर न्हायच जमायचं. तुमी मागं जावा, ढकला. म्होरं मी आन उस्तानीबी."

हेडमास्तरीण मागे गेली. दमणी निघाली. पण एकदा बांध फुटला म्हणजे पाणी तेवढ्यावर थांबत नाही.

"तिधर से नक्को, गड्ढा है!" उस्तानीबी ओरडल्या. "और बाईसाब, एक बात बोलूँ? आप मेरा उर्दू का घंटा ऐन नमाज़ के वक़्त रक्खे. चार महीने से मैं बच्चियों को आधा सबक देके भागती!"

"मग सांगायचं नाही?" मागून ढकलता ढकलता द्वारकाबाई म्हणाल्या.

"आन पोरी येत न्हाईत, येत न्हाईत म्हणून रडताव," रुद्रम्मा पुढून म्हणाल्या. "मदरसा भरवलाव उजाडताच, पुण्याच्या वख्ताला. त्या वख्ताला पोरी पाण्याला जात्यात! घागर टाकून कुठली माय धाडंल पोरीला? माझी बी लिंगपूजा हुईत न्हाय तवर. रोज उशीर हुतो, रोज तुमी घड्याळाकडं बघताव!"

"तुम्ही 'नोडोण' म्हणाला होता!"

"'नोडोण' म्हंजी न्हायच की हो, अक्का!"

"और 'क्यों नईं' का मतलब भी वोइच है!" उस्तानीबी म्हणाल्या. एवढं बोलून त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी जोरात ओढलं. दमणी पळायलाच लागली.

"हळू! आत साहेबा आहेत!" मागून द्वारकाबाई ओरडल्या.

आतून काहीच आवाज आला नाही.

बाजारपेठेत माणिकप्पा दुकानातून खाली उतरले. दोन बुरखे आणि एक रुद्रम्मा बघून त्यांच्या हातातलं तेलाचं माप तसंच राहिलं. "आगं रुद्रव्वा, हे काय?"

"सोमवार हाय, दाजी. बैल बसल्यात, बाया वढत्यात."

माणिकप्पांना ते लागलं. ते पुढे झाले. ओढायला नव्हे, सल्ला द्यायला. "डावीकडं घ्या, डावीकडं," म्हणत ते मदरशाच्या दारापर्यंत पुढे चालत राहिले आणि त्यांनी वाटेतली शेरडं हाकलली. ही त्यांची मदत रुद्रम्मांनी पुढे जन्मभर मोजली.

मदरशात बुरखे उतरवले गेले, घाम पुसला गेला. मोहतमिमा साहेबा आत येऊन खुर्चीवर बसल्या. बुरखा काढल्यावर दिसलं की बाई चांगल्या उंच, चष्मा लावणाऱ्या आणि चेहऱ्याची एक रेघही न हलवणाऱ्या होत्या. त्यांनी मुलींना उजळणी विचारली, नज्म म्हणायला लावली, एकीच्या हातचा टाका पाहिला. मग द्वारकाबाईंना विचारलं, "मदरसे का वक़्त?"

द्वारकाबाईंनी तोंड उघडलं. वर्गाच्या भिंतीवर त्यांनीच लावलेलं पुण्याचं टाइमटेबल होतं. त्यांनी रुद्रम्मांकडे पाहिलं.

"पोरींचं पाणी भरून झाल्यावर," त्या म्हणाल्या. "उद्यापासून."

साहेबांनी मान हलवली. कलम काढली, शेऱ्याचं पान उघडलं, ती दौतीत बुडवली. आणि मग, कलम तशीच अधांतरी धरून, त्या सहज म्हणाल्या, "मुझे शाम की मोटर से वापस जाना है. सवारी लगवा दो."

परत! परतीचा विचार मीटिंगमध्ये कुणीच केला नव्हता. बैल अजून चारा खात होते. सोमवार अजून शिल्लक होता.

उस्तानीबींचे ओठ "क्यों..." साठी गोल झाले. रुद्रम्मांच्या तोंडी "नो..." आलं. दाराबाहेर पडद्याआड ओलाचिंब बब्रुवान उभा होता, त्यानं ओसरीच्या आढ्याकडे पाहिलं. एक गोड शब्द टाकला असता तर शेरा चांगला पडला असता, आणि संध्याकाळचं संध्याकाळी बघता आलं असतं. मोगलाई सगळी अशीच तर चालत होती. द्वारकाबाईंना रुद्रम्मांचा सोललेला खांदा दिसला. उस्तानीबी एका पायावर भार देऊन उभ्या होत्या.

"नाही," द्वारकाबाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "क्या?"

"नाही जमणार, साहेबा. आज नाही." शब्द सरळ आला. "आज मुक्काम करा. उद्या सकाळी पोचवू. शेऱ्याचं काय ते तुम्ही ठरवा."

साहेबांनी मान खाली घातली आणि उर्दूत लिहायला सुरुवात केली. उजवीकडून डावीकडे ओळ सरकत होती आणि उस्तानीबी उलटीकडून वाचायचा प्रयत्न करत होत्या. एका शब्दाशी त्यांनी द्वारकाबाईंचा हात घट्ट दाबला. मदरसा राहणार होता.

साहेबांनी कलम पुसून ठेवली, चष्मा काढला, आणि त्या चेहऱ्यावरची ती न हलणारी रेघ पहिल्यांदा हलली.

"हौ, ठीक बोले आप," त्या म्हणाल्या. "सोमवार है ना. एक बार हो गया सो हो गया. अब इन तीनों पे फिर जू नक्को."